उकळी न फुटलेलं विश्व

विद्यापीठात आमच्या मजल्यावर शेवटी शेवटी दोनच दारं उघडत. एक माझ्या प्रकाशाच्या प्रयोगशाळेचं आणि दुसरं त्याच्या समोरचं, नेलिदा दुगार्ते यांचं. बाकी दारांवर नावांच्या पाट्या तशाच होत्या, माणसं मात्र देशात खायचे वांधे झाले तशी लिमा, किटो, सांतियागो, जिकडे वाट फुटेल तिकडे गेली होती. आमच्याकडे क्वांटम शिकवणारा एकजण माद्रिदमध्ये सायकलवरून लोकांची जेवणं पोचवतो, असं कानावर आलं होतं.

नेलिदा गेल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मी जाऊन आलेय." ते खरंच होतं. तरुणपणी इटलीत राहून त्यांनी डॉक्टरेट केली होती. तिकडे थांबा म्हणणारेही होते, पण त्या मेरिदाला, आमच्या या डोंगरातल्या शहरात, परत आल्या. तेव्हा इथे बरे दिवस होते. ग्रंथालयात जगभरची जर्नलं यायची, परदेशचे पाहुणे व्याख्यानं द्यायचे, आणि व्याख्यान संपलं की सगळे मिळून चौकातल्या टपरीवर तळलेले पास्तेलितो खात वाद घालायचे.

त्या मूळच्या वरच्या पारामोतल्या, जिथं झाडं संपतात आणि धुकं सुरू होतं तिथल्या. घरची शेती लसणाची आणि बटाट्याची. थोरली बहीण एउलोहिया शेतातच राहिली, धाकटीला शिक्षिकेनं हट्टानं शहरात पाठवलं. अंगापिंडानं नेलिदा अगदी पारामोतल्याच होत्या. ठेंगण्या, मजबूत, गाल थंडीनं भाजून कायमचे लाल झालेले. बोलणं कमी आणि तेही हळू. आमच्या या डोंगरात सगळेच एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात, आई लेकराला म्हणते, कुत्र्याला हाकलतानासुद्धा 'चला, निघा तुम्ही' म्हणतात. पण नेलिदांचं 'तुम्ही' ऐकलं की समोरचा आपोआप सरळ बसायचा.

त्यांनी आयुष्यभर एकाच प्रश्नावर काम केलं. मी आरसे आणि भिंगं हाताळणारा माणूस, मला त्यांचं गणित कळत नसे. पण त्यांनी मला तो प्रश्न एकदा दुपारी कॉफीचं पाणी तापत असताना सांगितला होता, तो आजही डोक्यात आहे. विश्व जन्मलं तेव्हा द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच असायला हवं होतं. सारखं असतं तर दोघांनी एकमेकांना संपवलं असतं आणि मागं नुसता उजेड उरला असता. ना तारे, ना माती, ना लसूण. पण काहीतरी उरलं, म्हणजे कुठेतरी तोल किंचित ढळला. तो कुठे ढळला?

नेलिदांचं म्हणणं होतं, विश्व थंड होत असताना पहिल्या क्षणाच्याही एका बारीक तुकड्यात त्याची अवस्था बदलली. बदल दोन तऱ्हांनी होतो, त्या म्हणाल्या. पाणी उकळतं तेव्हा बुडबुडे येतात, बुडबुड्याच्या आत एक अवस्था, बाहेर दुसरी, मध्ये कड. लोणी उन्हात मऊ होतं तेव्हा मात्र कड कुठेच नसते, सगळंच हळूहळू पातळ होत जातं. तोल ढळायचा तर बुडबुडे हवेत, कारण जे घडतं ते त्या कडेवर घडतं. आपल्याला ठाऊक असलेल्या कणांचा हिशेब मांडला तर लोणी निघतं. म्हणून नेलिदांनी आणखी एक कण कल्पिला. तो धरला की गणितात विश्वाला उकळी फुटत होती.

हे मांडणारा त्यांचा शोधनिबंध छापून आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून रम प्यायलो होतो. इटलीतून, ब्राझीलमधून अभिनंदनं आली. पुढे वीस वर्षं त्यांनी त्याच कणाची बाजू लढवली. जिनिव्हाच्या कण आपटवणाऱ्या यंत्रात तो सापडला नाही, तरी न सापडता असू शकेल अशी वजनांची एक चिंचोळी पट्टी उरली होती, आणि नेलिदा त्या पट्टीवर पाय रोवून उभ्या होत्या. युरोपवाले अवकाशात तीन यानं सोडून गुरुत्वाच्या लहरी ऐकणार आहेत. तेव्हाचे बुडबुडे एकमेकांवर आपटले असतील, तर त्यांची थरथर त्या यानांना ऐकू यावी. "ती यानं जातील तेव्हा मी सत्तरी पार केलेली असेन," त्या म्हणायच्या, "पण कान शाबूत ठेवीन."

लेओमार सेर्पा हा त्यांचा शेवटचा विद्यार्थी. एहिदो गावचा, बस चालवणाऱ्याचा मुलगा, लांब हातांचा, सतत भुकेला. त्या दिवसांत आम्ही सगळेच भुकेले होतो, पण त्याला ते लपवता यायचं नाही. नेलिदा घरून गव्हाच्या दोन आरेपा, जाड भाकऱ्या, आणायच्या आणि 'मला आज पोटाला बरं नाही' म्हणून एक त्याच्यापुढे सरकवायच्या. फळ्यासमोर दोघं तास-तासभर गप्प उभे असत. मध्येच तो म्हणायचा, "प्रोफे, हे पद इथे का टाकून दिलं?" आणि त्या म्हणायच्या, "लहान आहे म्हणून." तो म्हणायचा, "कशावरून?" यावर त्या हसायच्या. त्यांना हसवणारा तो एकटाच होता.

कारण ते पद लहान आहे हे त्यांनी कधी सिद्ध केलंच नव्हतं. निबंधात एक वाक्य होतं, उरलेली पदं लहान असावीत अशी अपेक्षा आहे. त्या काळी सगळेच तसं लिहीत. ती पदं मोजायला जो संगणक लागतो तो आमच्याकडे कधी आला नाही, आणि पुढे तर विजेच्या ताराच चोरून नेल्या गेल्या.

लेओमारचं जाणं ठरलं तेव्हा त्यानं ते आधी मला सांगितलं आणि मग त्यांना. बापाची बस सुट्या भागांविना उभी होती, घरात धाकटी भावंडं होती. सांतियागोला एका विद्यापीठात कुणीतरी जागा देत होतं. नेलिदांनी त्याला थांबवलं नाही. निरोपाच्या दिवशी तो मोठी बॅग पाठीला लावून आला, सीमेवरच्या पुलापर्यंत कसं जायचं, तिथून पलीकडच्या कुकुताला कसं, हे आम्ही सगळं पुन्हा एकदा बोललो. मग त्या म्हणाल्या, "तिकडे संगणक मिळेल. ती उरलेली पदं काढा. माझ्यानं राहून गेलंय ते."

म्हणजे काम त्यांनीच त्याच्या हाती दिलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर आमच्याकडे काहीजण म्हणाले की पोरानं गुरूचं काम लाटलं.

पहिलं वर्षभर तो फोनवर कामाचं बोलायचा. विद्यापीठातलं इंटरनेट बंद पडलं होतं, म्हणून नेलिदा शनिवारी सकाळी माझी मुलगी यादिरा हिच्या घरी यायच्या. तिथे जोडणी बऱ्यापैकी चालायची. स्वयंपाकघरात बसून त्या फोनवर एकेक समीकरण तोंडी सांगायच्या आणि यादिरा मला खुणावायची, हे मंत्र म्हणतायत का म्हणून. मग हळूहळू ते बोलणं आटलं. एके शनिवारी फोन ठेवून नेलिदा म्हणाल्या, "लेओमार हल्ली मला गॅसची टाकी मिळाली का ते विचारतो. गणिताचं काही विचारत नाही."

मी म्हटलं, तिकडे काम असेल, प्रेयसी मिळाली असेल.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याचा निबंध आला. यादिराच्या टेबलाशी बसून नेलिदांनी तो माझ्या मुलीच्या फोनवर वाचला, अक्षरं मोठी करत, बोटानं सरकवत. वाचता वाचता कॉफी निवली. निबंधात विश्वाच्या उकळीची पाच मॉडेलं घेतली होती. प्रत्येकात ती उरलेली पदं काढली होती, आणि त्यातली तीन बुडाली होती, त्यांत उकळी फुटतच नव्हती. पद्धत तीच, फळ्यासमोर दोघांनी मिळून उभी केलेली. पण पाचांत नेलिदांचं, त्यांच्या त्या कणाचं मॉडेल नव्हतं. शेवटच्या संदर्भांच्या यादीत त्यांचं नावही नव्हतं.

मला राग आला. मी म्हटलं, तुमच्या हातची भाकर खाऊन गेला आणि नाव घ्यायला विसरला. नेलिदांनी मान हलवली. "विसरला नाही," त्या म्हणाल्या. "माझं त्यानं सगळ्यात आधी काढलं असणार. काढल्यावाचून तो राहणार नाही."

मग त्यांनी ते स्वतः काढायला घेतलं. हातानं. लेओमारच्या निबंधातली पद्धत घेऊन आपल्या मॉडेलला लावायची, एवढंच. पण ते एवढंच म्हणजे डोंगर होता. वीज दुपारपर्यंत टिकली तर टिकायची, म्हणून त्यांनी टेबल खिडकीशी ओढलं. कागद नव्हते, तेव्हा जुन्या परीक्षांच्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी वापरल्या. मी येता-जाता दारातून बघायचो. पाठ वाकलेली, खांद्यावर लोकरीची रुआना, थंडीनं बोटं आखडली की ती काखेत धरून बसलेल्या. एकदा विचारलं, कसं चाललंय? म्हणाल्या, "उणे-अधिकचं एक चिन्ह चुकलं होतं. आठवडा गेला." त्या आठवड्यात आशा होती असं नंतर कळलं. चुकलेल्या चिन्हानं उकळी फुटत होती.

एके दिवशी भर दुपारी त्या माझ्या प्रयोगशाळेत आल्या आणि उंच स्टुलावर बसल्या. मी भिंगं पुसत होतो. बराच वेळ त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

"लोणी आहे, ओनेसिमो," त्या म्हणाल्या.

मला पटकन उमगलं नाही. मग उमगलं. मी विचारलं, ती चिंचोळी पट्टी? कुठेच नाही? त्या म्हणाल्या, कुठेच नाही, जिनिव्हानं मोकळी ठेवलेल्या पूर्ण पट्टीत लोणीच आहे. "मी जे विश्व लिहिलं त्यात आपण नाही." हे त्यांनी गॅस संपल्याचं सांगावं इतक्या साध्या आवाजात सांगितलं. मी कॉफी करू का विचारलं. पण कॉफी संपली होती, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्या शनिवारी यादिराच्या घरून त्यांनी लेओमारला फोन केला. फोन गुळाच्या बरणीला टेकवून ठेवला होता, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं. मी उठून जायला लागलो तर त्यांनी हातानंच बसा म्हटलं.

त्यांनी त्याला आपलं उत्तर सांगितलं, एक आकडा.

"माझंही तेच आलं होतं, प्रोफे," तो म्हणाला.

"कधी?"

"इथं आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही तिथं एकट्या आहात. सगळे गेलेत. मला वाटलं, हे तरी राहू दे."

नेलिदांनी डोळे मिटले. "लेओमार, मी काय आजारी म्हातारी आहे, की घरात कुणी मेलेलं मला सांगायचं नाही? मी चुकले तर तसं लिहा. नाव घ्या आणि लिहा, दुगार्तेचं मॉडेल चालत नाही. जे बुडलं तेही कामच असतं. ज्याचं नावच घेतलं नाही ते झालंच नाही."

तो रडत होता की जोडणी तुटत होती, सांगता येत नव्हतं. मग म्हणाला, "लिहिलं होतं मी. अख्खा परिच्छेद होता."

"मग?"

"आमच्या सरांनी काढला. म्हणाले, जागा कमी आहे. म्हणाले, हे मॉडेल आता कुणी वापरत नाही, खोडायची गरज काय."

यादिरा ओट्याशी पाठ करून उभी होती. तिचे हात थांबले. त्याची दया नेलिदांनी एक वेळ पचवली असती. हे दुसरं होतं. त्यांनी वीस वर्षं राखलेल्या किल्ल्यावर कुणी चालूनच आलं नव्हतं.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"हो, प्रोफे."

"काय?"

"भात. घेवडा."

"बरं. थंडी सांभाळा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नंतर त्यांनी स्वतः एक टिपण लिहिलं, चार पानांचं. माझं अमुक साली मांडलेलं मॉडेल पुढच्या पदांसकट पाहिलं तर टिकत नाही, असं. यादिरानं ते टंकून दिलं, लेओमारनं तिकडून एका जर्नलकडे धाडलं. उत्तर लवकर आलं आणि सभ्य होतं. गणित बरोबर दिसतं, पण ज्या मॉडेलचा सध्या कुणी अभ्यास करत नाही ते चुकीचं असल्याचं दाखवण्यात वाचकांना रस नसावा. दुसऱ्या जर्नलनं उत्तरच दिलं नाही. लेओमार म्हणाला, आपण तिसरीकडे पाठवू. नेलिदा म्हणाल्या, राहू द्या.

त्या शिकवत राहिल्या. पहिल्या वर्षाचा वर्ग, आधी बारा-पंधरा पोरं, मग चार, मग एक मुलगी. ती ताबाय गावाहून यायची, पाऊस असला की यायची नाही. पुढच्या सत्रात भौतिकशास्त्राला कुणी नाव घातलं नाही. नेलिदा पहिल्या दिवशी तरीही वर्गात गेल्या. मी दारातून पाहिलं, त्या खडू हातात घेऊन उभ्या होत्या, मग त्यांनी तो खाली ठेवला आणि फळा पुसला, जो कोराच होता. दुपारी त्यांनी मला सांगितलं की एउलोहियाच्या गुडघ्यांना आता शेतातलं ओणवं काम होत नाही, मी वर जाते. खोलीतली पुस्तकं कुणाला द्यायची विचारलं तर म्हणाल्या, ज्याला चूल पेटवायची असेल त्याला. मी ती माझ्याकडे आणून ठेवली. अजून आहेत. ओल लागते आहे.

गेल्या वर्षी लसणाच्या हंगामात मी भाजीच्या ट्रकमधून वर गेलो. निमित्त त्यांना भेटायचं होतंच, पण एक सांगायचंही होतं. लेओमारनं भौतिकशास्त्र सोडलं होतं. जागेची मुदत संपली, दुसरी मिळाली नाही, आणि आता तो सांतियागोत एका बँकेत लागला होता. त्यानं मला कळवलं आणि विनवलं, प्रोफेंना सांगू नका. मी वाटेत पूर्णवेळ हाच विचार करत होतो आणि गावाशी पोचेपर्यंत ठरवलं होतं की सांगायचं. एकदा त्यांना वगळून त्यांच्यावर दया झाली होती, दुसऱ्यांदा माझ्या हातून नको.

दोघी बहिणी पडवीत लसणाच्या वेण्या घालत बसल्या होत्या. एउलोहियानं मला पिस्का, बटाट्याचं गरम सूप, वाढली, वर अंडं फोडून, आणि वाढता वाढता टोमणाही मारला. "आमच्या डॉक्टरीण बाईंना विचारा," ती म्हणाली, "सगळं जग कसं झालं ते यांना ठाऊक, पण वेणी तिसऱ्या गाठीला सुटतेच." नेलिदा हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. सुटलेली वेणी पुन्हा घालायला घेतली.

जेवण झाल्यावर मी लेओमारचं सांगितलं. त्यांचे हात चालूच राहिले.

"बँकेत काय करतो?"

मी म्हटलं, कर्ज घेतलेल्यांपैकी कोण ते बुडवील याचं गणित मांडतो.

"चांगलंय," त्या म्हणाल्या. "जमेल त्याला. पगार वेळेवर मिळेल." मग थोड्या वेळानं, लसणाची पात दातांनी तोडून, "त्याला आपण होऊन फोन करू नका. लाज वाटेल."

मला गप्प बसवेना. मी विचारलं, तुम्ही अजून त्यावर विचार करता का? मला वाटलं होतं त्या हो म्हणतील. म्हणतील की प्रश्न अजून तिथेच आहे, कुणीतरी सोडवील. असं काहीतरी ऐकायलाच मी चार तास ट्रकमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "आधी सकाळी डोळे उघडले की ते तिथं असायचं. आंघोळीच्या आधी, चुलीच्या आधी. आता डोळे उघडते तर छप्पर दिसतं." त्यांनी वेणीला गाठ मारली आणि बाजूच्या ढिगावर ठेवली. "छप्परही वाईट नाही. एउलोहियानं नवीन पत्रे घातलेत."

"मीच घालून घेतले," एउलोहिया म्हणाली. "वारा नेतो दरवर्षी."

खालून धुकं चढू लागलं तसा ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. एउलोहियानं माझ्यासाठी बटाट्यांचं पोतं बांधून ठेवलं होतं, ते ट्रकवाल्यानं आणि मी उचलून मागं टाकलं. नेलिदा कुंपणापर्यंत आल्या. यादिराला आठवण सांगा म्हणाल्या, तिच्या गुडघ्याचं काय झालं विचारलं. मी म्हटलं गुडघे एउलोहियाचे, यादिराला काही झालेलं नाही. त्या म्हणाल्या, हो, हो, बरोबर. मग ढिगाकडे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, धुक्यात लसूण भिजेल, आणि ट्रक सुटायच्या आत त्या पडवीकडे चालू लागल्या.